सफाक्सच्या सभेत दिलेला शब्द

केर्केना,
२१ ऑगस्ट

प्रिय हेदी,

सलाम. आम्ही खुशाल आहोत. तुझ्या उम्मीचा गुडघा तेवढा कुरकुरतो, जीभ मात्र ठणठणीत आहे. हॉटेलातली भांडी घासून तुझे हात सोलवटले असतील, तर झोपताना ऑलिव्हचं तेल चोळत जा. फोनवर तू ‘बरं, बरं’ म्हणून विषय बदलतोस, म्हणून हे पत्र.

बातमी अशी की परवा सफाक्सला मत्स्यखात्याच्या सभेत आपल्या बेटाची बाजू मी मांडली. हो, मी! मच्छीमार मंडळाने माझंच नाव पुढे केलं. म्हणे, भांडण्यात रफीकाचा हात कोण धरणार? तू असतास तर पोट धरून हसला असतास.

घरी उम्मीपुढे तालीम केली. थोडं ऐकून म्हणाली, “सूनबाई, हे भाषण आहे की औषधाची चिठ्ठी? ठेव तो कागद, आणि माझ्याकडे बघून भांड!”

सभेत आधी मी घाबरलेच होते. साहेब लोक आपसांत गप्पा मारत होते. ते थांबेपर्यंत मी नुसती उभी राहिले. मग पडद्यावर आपल्या शार्फिया दाखवल्या: समुद्रात रोवलेली झावळ्यांची कुंपणं, आणि टोकाला मासे धरायचे सापळे. ट्रॉलर त्यांच्यावरून कसे जातात तेही दाखवलं. झावळी कशी रोवतात ते वाकून करून दाखवलं, तेव्हा मागचे लोक उठून बघायला लागले. भीती कुठल्या कुठे पळाली.

तेवढ्यात मुख्य साहेबांनी विचारलं, “बाई, बोलता छान. पण तुमच्या घरातून समुद्रावर कोण जातं?”

याचं उत्तर मी तयार केलं नव्हतं.

“कोणी नाही,” मी म्हटलं. “नवरा समुद्रापलीकडे पालेर्मोत भांडी घासतो. ट्रॉलरांनी तळ खरवडून नेला, म्हणून गेला. समुद्र शाबूत राहू द्या, तो परत येईल. ऑक्टोबरात आमची शार्फिया उभी असेल. येऊन बघा.”

मग टाळ्या पडल्या. या हंगामापुरती ट्रॉलरांना बंदी झाली आहे. ऑक्टोबरात साहेब आपली शार्फिया बघायला येणार, आणि पुढचं त्यावर ठरणार.

तुला न विचारता शब्द दिला. रागावशील, रागाव. झावळ्या तोडून अंगणात रचल्या आहेत. तुझा चुलतभाऊ लोत्फी म्हणतो, “वहिनी, कशाला त्याच्या मागे लागतेस? मी रोवून देतो.” देईलही बिचारा. साहेबांना तेवढं चालेल, बेटाचंही भागेल.

माझं भागणार नाही, हेदी. खरं सांगू? एवढ्या माणसांपुढे उभी राहून मी तुलाच मागत होते.

तुझ्या उत्तराची वाट बघणारी,
तुझी रफीका