रक्त दिसेपर्यंत

मंगळवार, ११ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. सासूबाईंच्या खोकल्याला आता उतार असेल. त्यांना सोडून तुला येता आलं नाही, म्हणून आधी तेच सांगतो: भावोजींचा पाय वाचला. एवढं फोनवर सांगितलंच होतं. बाकीचं फोनवर जमेना.

ऑपरेशन मी केलं नाही, माझ्या सरांना बोलावलं. तू म्हणशील, दोन वर्षांपूर्वी मोडलेल्या पायात स्टीलची पट्टी तूच बसवलीस, मग आता हात का आखडता घेतलास? सांगतो.

नडगीचं हाड आतून सडलं होतं. असं हाड तासत जायचं असतं, जिवंत हाडाला रक्ताचे बारीक थेंब फुटेपर्यंत. आठ सेंटिमीटरच्या पुढे जावं लागलं तर पाय गुडघ्याखाली काढायचा, असं ठरलं होतं. तशा संमतीच्या कागदावर भावोजींनी सही केली होती, तुला कळू दिलं नाही. मी पाय धरून उभा होतो. चार सेंटिमीटर झाले, हाड खडूसारखं पांढरं. सहा झाले, तरी तसंच. सातव्याला लाल ठिपके उमटले.

आता पायाला बाहेरून कड्या आहेत. त्यांचे स्क्रू फिरवून रोज एक मिलिमीटर, असं गेलेलं हाड पुन्हा वाढवायचं. वर्ष जाईल. पुन्हा बस चालवता येईल का, हे सरही सांगत नाहीत. क्लचचा पाय आहे.

ताई, गेल्या वर्षी जखम ओलसर राहायची, तेव्हा तू मला तीनदा विचारलंस. मी म्हणालो, वरवरचं आहे, काळजी करू नकोस. पुवाचा रिपोर्ट तेव्हा माझ्या खणात होता. जंतूचं नाव त्यात स्पष्ट लिहिलं होतं. तेव्हाच पाय उघडला असता तर थोडक्यात निभावलं असतं. पण माझंच ऑपरेशन फसलं, हे माझ्या तोंडानं म्हणावं लागलं असतं. म्हणून नुसत्या गोळ्या देत राहिलो.

काल भावोजींना हे सांगितलं. ते म्हणाले, "मला शंका होतीच. पण तिनं तुझ्यावर डोळे मिटून भरवसा ठेवला. तिला तूच सांग, माझ्या तोंडून नको."

रिपोर्टची प्रत सोबत आहे. तारीख बघ. तक्रार करायची असेल तर मी आड येणार नाही.

तू येशील तेव्हा स्टेशनवर मी यावं की नको, तेवढं कळव.

तुझा,
धाकटा