रूथचं कोरं पान

अंबड,
१४ जुलै २०२५

चिरंजीव मोनाली हिस,
आप्पांचा सलाम आणि आशीर्वाद.

माथ्यावर 'चि. सौ.' लिहायला हात अजून जातो. आवरला.

इकडे सर्व ठीक. पाऊस बेताचा. तुझ्या सासूबाईंची तब्येत बरी आहे. तू फोन उचलत नाहीस, म्हणून तर हा कागद; तक्रार नाही.

काम असं आहे. सुमितच्या जुन्या फोनवर एक इंग्रजी मेल आला. तुम्ही दोघांनी आपल्या घरच्या बोलीत बायबल टाइप करून त्या फुकट सॉफ्टवेअरला दिलं होतं ना, त्याची देखरेख करणाऱ्या मंडळींचा. मी शब्दकोश घेऊन बसलो. त्यांचं म्हणणं, तुमच्या मॉड्यूलमध्ये, म्हणजे तुम्ही दिलेल्या त्या बायबलात, कोणकोणती पुस्तकं आहेत त्या नोंदीत रूथचं नाव आहे, पण उघडल्यावर आत एक ओळ नाही. महिनाअखेरपर्यंत कुणाचं उत्तर आलं नाही, तर रूथ नोंदीतून काढून टाकू.

त्यांचं बिलकुल चूक नाही. जे नाही ते आहे म्हणून लिहू नये, हे मीच जन्मभर पोरांना शिकवलं.

पण ते नाव तिथं कसं पडलं, आठवतं ना तुला? ओसरीवर सुमित मोठ्यानं वाक्य जुळवायचा, तू टाइप करायचीस, आणि चुलीपासून तुझी सासू दीपमाला ओरडायची, "असं कोण बोलतं रे आपल्यात? पाद्रीसाहेबाच्या घरात जन्मलास का?" मग वाक्य मोडून पुन्हा नव्यानं. तिचा हट्ट एकच, "सासू-सुनंचं पुस्तक आधी कर." तो हसायचा, "आई, नाव टाकून ठेवलं बघ यादीत. आता मला करावंच लागंल." चारच तर अध्याय, नवरा गेल्यावरही सासूला न सोडणाऱ्या रूथची गोष्ट. त्याच आठवड्यात तू पुण्याहून येणार होतीस, आणि तो मोटारसायकल काढून तुला घ्यायला स्टँडवर निघाला.

पुढचं लिहीत नाही. त्या दिवशी दीपमाला तुला म्हणाली, "तुला घ्यायला गेला म्हणून गेला माझा." हेही लिहायचं नव्हतं. लिहिलं गेलं.

आता तिला दिसत नाही. साखरेनं डोळे नेले. सुमितचा फोनच तिला वाचून दाखवतो. दिवेलागणीला म्हणते, "रूथ लावा." यंत्र बोलतं, रूथ, अध्याय पहिला. मग गप्प. पहिल्या वेळी मी बंद करायला हात पुढं केला, तर म्हणाली, "राहू द्या. ऐकून राह्यले मी." हात जोडून ती त्या शांततेपुढं बसते आणि थोड्या वेळानं आमेन म्हणते. छापील बायबल काढून वाचू लागलो, तर म्हणाली, "ते नको. ते सगळ्यांचं हाय."

मला तेव्हा माझा चौथीचा वर्ग आठवतो. कविता शिकवताना मी एकेका लेकराला एकेक ओळ वाटून देत असे. दिवाळी झाली की ऊसतोडीला जाणाऱ्यांची पोरं आईबापांबरोबर निघून जायची. चतुरा त्यातलीच. तिची ओळ मी दुसऱ्या कुणाला दिली नाही. तिथं आलो की सगळा वर्ग एका ओळीपुरता गप्प राहायचा, मग पुढची ओळ. तपासणीला आलेले साहेब म्हणाले, "गुरुजी, पोरगी दिवाळीपासून न्हाई. पटावरून नाव कमी करा." मी म्हटलं, "साहेब, येईल लेकरू." गुढीपाडव्याच्या सुमारास चतुरा दारात उभी, हातांवर पाचटाचे ओरखडे. पोरं तिच्या ओळीपाशी थांबली आणि ती उंबऱ्यातूनच खणखणीत म्हणाली.

मोनाली, वर 'बरी आहे' लिहिलं ते खोटं आहे. डॉक्टरांनी परवा दीपमालाला जालन्याहून घरी धाडलं. मला बाजूला घेऊन म्हणाले, "मागतील ते खायला द्या." ती खायला काहीच मागत नाही.

मेलचं तिला सांगायला नको होतं. ऐकलं आणि अंगात बळ नसताना उठून बसायला लागली. "नाव कमी करू देऊ नका हो. म्या तिला घालवून दिलं. तिचं नाव तरी राहू द्या घरात." रूथचं म्हणाली की तुझं, मी विचारलं नाही.

मला त्या फाइली कळत नाहीत. सुमितचा लॅपटॉप तुझ्याकडं आहे. त्यात रूथचा एखादा अध्याय, एखादी अर्धी ओळ असली तर बघ. नसली तर तू लिही. आमची बोली तुला आता आमच्याइतकीच येते. त्या मंडळींना 'थांबा' म्हणून कळव. आणि यातलं काहीच जमणार नसेल, तर नुसती ये. कोरं पान समोर धर आणि तुझ्या आवाजात काहीही वाच. तिला कुठं दिसतंय?

जल्दी कर, लेकरा. तुला घ्यायला स्टँडवर मी येईन. भिऊ नकोस, पायी येईन.

तुझ्या ओळीपाशी गप्प थांबलेला,
आप्पा