चौथ्या खुर्चीवरचा पाहुणा

१ जुलै
दोंडाईचाहून सकाळची पॅसेंजर धरली, जळगावला उतरलो. नववीत शाळा सोडलेल्याला पंख्याखाली खुर्ची आणि समोर कॉम्प्युटर! पाइपच्या कारखान्यात टिकलो नाही, सुरतेला टिकलो नाही. इथं टिकणारच.

मालक मोईजभाई. सोन्याच्या दुकानावरच्या खोलीत ऑफिस. काम त्यांनी चहा पिता पिता समजावलं. परदेशातले लोक घरबसल्या एकमेकांशी पटावरचे खेळ खेळतात. नकाशा, सोंगट्या, फासे, सगळं स्क्रीनवर. त्या पटाला वरून जोडायचे अ‍ॅड-ऑन लोक बनवून विकतात. कुणी नकाशावर धुकं पसरवतं, कुणी फाशांना आवाज देतं. ते चालतात का हे मशीनच तपासतं. चार खोटे खेळाडू बसवतं, खेळवतं, शेवटी उठवून पट रिकामा करतं. जमलं तर हिरवं, फसलं तर लाल. लाल झालं की मी बघायचं.

खेळाडूंना नावं मीच दिली. नाना, माय, मी कौतिक आणि चौथ्या खुर्चीवर थोरला भाऊ नवलदादा. मोईजभाई हसले. म्हणाले, अख्खं घरच टेबलाला आणून बसवलंस की, आता जेवायलाही वाढ.

९ जुलै
डोकं फिरलंय. धुक्याचा अ‍ॅड-ऑन रोज लाल. खेळ संपतो, तिघं उठतात, नवलदादाची सोंगटी धुक्यात तशीच उभी. परत चालव, परत लाल. दादा घरीही असाच, ऊठ म्हटलं की कूस बदलणार. मोईजभाईंनी टोमणा मारला, केळीचा अख्खा बाग कापून होतो एवढ्यात, तुझ्याकडून एक सोंगटी उचलली जात नाही.

१५ जुलै
वैतागलो आणि कुणाला न विचारता तपासणीत एक ओळ घुसवली. जो उठत नाही त्याचं नावच कायमचं पुसून टाकायचं. चार जण तर लागतातच, म्हणून दादाच्या चौथ्या खुर्चीवर ‘पाहुणा’ लिहिलं. हिरवं! मोईजभाईंनी शेवभाजी खाऊ घातली.

खुशीत घरी फोन लावला. मायला म्हटलं, दादाला दे. तिनं विचारलं, कोनता दादा? म्हातारी मस्करी करते.

२ ऑगस्ट, घरी
कानबाई देवीच्या सणासाठी आलो. रोटाचे, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्यांचे गहू काढताना माय घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ घेते. नानांच्या नावाची घेतली. माझी घेतली. मग पाहुण्याच्या नावाची.

मी म्हटलं, आणि नवलदादाची? नानांनी वर बघितलं, म्हणाले, कोन नवल? माय म्हणाली, येडा व्हयना का तू?

दादाच्या खाटेवर कुणीतरी झोपलंय. भिंतीकडे तोंड करून. मायनं त्याच्यावर गोधडी सारखी केली, आम्हा पोरांवर करायची तशी.

४ ऑगस्ट, जळगाव
चौथ्या खुर्चीवर ‘नवल’ लिहितो, मशीन परत ‘पाहुणा’ करतं. लिहितो, परत तेच. नाव पुसायची माझी ओळही त्याच्यावर चालत नाही. पाचवी खुर्ची टाकू म्हटलं तर हा पट चौघांचाच. मोईजभाई म्हणतात, खेळातल्या नावांसाठी काय रडतोस, जा, गावाकडं जाऊन ये. गावाकडं! तिथं कोण झोपलंय ते यांना कसं —

५ ऑगस्ट
नाव बदलता येतं अशा तीनच खुर्च्या. नाना. माय. त्यांना कसं पुसू —
राहिली माझी.

दादानं मला तापीत पोहायला शिकवलं होतं. हात सोडला नव्हता त्यानं.

लिहिलं. कौतिकच्या जागी नवल. चालवलं.
हिरवं.

दादाचा नंबर लागला! त्याचाच आवाज. त्यानं विचारलं, कोन बोली ऱ्हायना? मी म्हटलं, तुझा भाऊ. तो हसला. म्हणाला, मना भाऊ ते आठे खाटवर पडेल शे. म्हणजे त्याचा भाऊ तिथं, खाटेवर!

मी ओरडलो, दादा, त्याचं तोंड बघ, तू त्याचं तोंड कधी —
तिकडं खाट करकरली. दादा म्हणाला, थांब, तो उठी ऱ्हायना —
कट.

परत लावला. उचलला. दादा नाही. आवाज माझा. हुबेहूब माझा. मी विचारलं, दादा कुठंय. तो म्हणाला, कोनता दादा? मी तर एकलाच, मी कौ —