खातूनबीचा आवाज

३ फेब्रुवारी
शाळेत मधल्या सुट्टीत नळापाशी डबा खायचो आम्ही. खातूनबी आम्हाला शिकवणाऱ्या सिस्टरांची नक्कल करायची आणि माझी पोळी नाकात जायची. आज सात रस्त्याच्या आमच्या ऑफिसात माइकसमोर बसून तिनं तसंच हसवलं! सातवीनंतर तिची शाळा सुटली. आता एमआयडीसीत टॉवेलच्या कडा शिवते. बंद पडणारे माग, पाठदुखी, सुपरवायझर – सगळं दखनीत, शिव्यांसकट.

आमच्या संस्थेचं काम एवढंच. इथल्या बायांचं बोलणं त्यांच्याच भाषेत नोंदवायचं, परदेशातल्या आमच्यासारख्या छोट्या रेडिओगटांना पाठवायचं, त्यांचं इथं ऐकवायचं. जाहिरात नाही, मालक नाही.

६ फेब्रुवारी
नियम असा की मूळ आवाज खाली ऐकू येत राहावा, वर आमच्या आवाजात इंग्रजी भाषांतर. पण खातूनबी केवढी खोकते! आणि त्या शिव्या! बाहेरचे लोक काय म्हणतील? तिचा आवाज काढूनच टाकला. नुसतं माझं इंग्रजी. स्वच्छ झालं. तसंच सगळ्या गटांना पाठवलं.

१४ फेब्रुवारी
आपलं रेकॉर्डिंग ऐकवायला खातूनबीनं घरी गल्ली गोळा केली होती. तिच्या इंग्रजी शिकलेल्या सुनेनं, समरानं, फोन स्पीकरला जोडला. मीच बोलतेय, बोलतेय... खातूनबी म्हणाली, "मैं कां हूं इसमें? तूच बोलरी की!" बाया हसल्या. ती नाही.

मग चहा. सगळ्यांना पेल्यात, मला एकटीला कपबशीत. पाहुणी करून टाकलं मला.

१५ फेब्रुवारी
तोंड दाखवायला जागा नाही.

१९ फेब्रुवारी
ब्राझीलच्या विणकर बायांचा निरोप – खातूनबीचं इंग्रजी किती गोड! एप्रिलमध्ये लिस्बनला सगळ्या गटांचा मेळावा आहे, तिथं तिलाच बोलवायचं ठरलंय.

रेकॉर्डिंग बघणारा सोमशेखर म्हणाला, "मॅडम, तुमीच जावा की. आवाज तर तुमचाच हाय!"

त्याला रागावले. आणि घरी येऊन कपाटातला पासपोर्ट काढून तारीख बघितली. जन्मभराची हौस. शी!

२१ फेब्रुवारी
खातूनबीकडे गेले. सगळं सांगितलं, पासपोर्टचंसुद्धा. ती कपड्यांच्या घड्या घालत राहिली. मग म्हणाली, "मुक्ते, माझी लाज वाटली व्हय तुला?"

"हो."

"जा आता. भांडी पडलीत माझी."

दारापर्यंतही आली नाही.

२२ फेब्रुवारी
सकाळीच तिचा फोन. "विमानात खिडकी मिळते का बघ. शिव्या तितं जाऊनच देते." आणि ठेवलाच!

तर – मूळ रेकॉर्डिंग, खोकल्यासकट, सगळ्या गटांना. सोबत मी काय केलं ते माझ्या सहीनं. चाकांची बॅग आणि लोकरी शाल खातूनबीला. मेळाव्यात तिच्या शेजारची खुर्ची समराला, इंग्रजी ती सांगेल. ऑफिसची किल्ली सोमशेखरला, बाहेर काय जाईल ते आता तो बघेल. माझ्या आवाजाची फाईल कुणालाच नाही.