भूमितीचे मास्तर

अण्णा,

या मंगळवारी सकाळी साडेअकरा वाजता तुमच्या शाळेत, तुमच्याच वर्कशॉपच्या खोलीत, नववीच्या पालकांसमोर मुख्याध्यापक म्हणाले, "ज्यांचं आणि गणिताचं जमत नाही, अशा मुलांसाठी सरकारनं ही फार छान सोय केलेली आहे." मी लगेच घड्याळात पाहिलं. अपमान झाला की आधी वेळ टिपून ठेवायची, ही सवय मला विम्याच्या नोकरीत लागली आणि निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. अपमान कुणाचा झाला हे मात्र मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. माझा नाही, मी तिथे नुसती शाळा समितीची 'शिक्षणप्रेमी सदस्य' म्हणून खुर्ची अडवून बसले होते. समोरच्या आयाबापांचा झाला असेल. तुमचाही झालाच, कारण त्या खोलीत तुम्ही उभं आयुष्य सुतारकाम शिकवलंत.

सोय म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला हवं. सरकारनं शाळेला इलेक्ट्रिकच्या कामाचा विषय दिला आहे. नववीपासून घ्यायचा आणि दहावीच्या परीक्षेला त्याचे गुण धरायचे. भिंतीवर वायरिंगचे बोर्ड आलेत, ड्रिल आलं, मीटर आले, प्रत्येक मुलाला पुस्तक आलं. एक करवत मागवायची तर तुम्ही अर्जावर अर्ज करायचात आणि शेवटी बाजारातून स्वतःच घेऊन यायचात. ते आठवून मला त्या बोर्डांचा हेवा वाटला. शिकवायला माणूस मात्र ठेक्यानं आलाय. वैरागची एक तरुण मुलगी आहे, रोज एसटीनं येते, पगार कुठल्याशा कंपनीकडून येतो, आला तर. आणि येत्या शुक्रवारी पाचपर्यंत पुरेशा मुलांनी नावं दिली नाहीत तर विषय बंद होणार आणि सगळं सामान मोहोळकडच्या एखाद्या शाळेत जाणार.

नावं मिळत होती हो, अण्णा. मुख्याध्यापकांनी तोंड उघडायच्या आधी बरेच हात वर होते. ते गणिताचं वाक्य झालं आणि हात एकेक करून खाली आले, कारण वर ठेवला तर आपलं पोर ढ आहे अशी कबुली भर सभेत द्यावी लागणार. मग मला राहवलं नाही. मी उठले आणि बोलले. कसं बोलते ते तुम्हाला माहीत आहे. मुख्याध्यापकांना म्हटलं, "सर, गणित न येणाऱ्या माणसाकडून तुम्ही तुमच्या घरचं वायरिंग करून घ्याल का? घ्या, आणि मग पहिल्यांदा बटण दाबायला मला बोलावू नका." लोक हसले. मग श्रमाची प्रतिष्ठा, हाताचं आणि डोक्याचं नातं, सगळं झालं. तुमचंही सांगितलं, याच खोलीत माझे वडील शिकवत होते म्हणून. टाळ्या पडल्या. मी अगदी समाधानानं खाली बसले.

तेवढ्यात मागच्या बाकावरून एक बाई उभी राहिली. टॉवेलच्या कारखान्यात कडा शिवते, अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली होती. तिच्या मुलीला हा विषय हवाय, असं त्या शिकवणाऱ्या मुलीनं मला आधीच सांगितलं होतं. पोरीनं घरचा मिक्सर खोलून पुन्हा चालू केला म्हणे.

"बाई, लई ग्वाड बोलला तुमी," ती म्हणाली. "पर एक इचारू का?"

"विचारा की."

"तुमचे वडील हितंच मास्तर हुते म्हनता. मग तुमी ह्याच शाळंत शिकला असाल न्हवं?"

"नाही," मी म्हटलं. "मी कॉन्व्हेंटला होते."

"हां." ती थांबली. सगळी खोली तिच्याकडे बघत होती आणि तिला ते ठाऊक होतं. "म्हंजे दुसऱ्याच्या पोरांला रंधा, आन् सोताच्या लेकीला विंग्रजी. का वो?"

कुणीतरी खो खो हसलं. मी म्हटलं, ते वडिलांनी ठरवलं होतं.

"मग त्येंनाच इचारून सांगा की. माजी पोरगी शुक्रवारपत्तूर थांबती."

"अहो, ते जाऊन किती वर्षं झाली."

"मग तुमी आटवून सांगा," ती म्हणाली आणि बसली. तिच्या शेजारच्या दोघीतिघींनी तिच्याकडे पाहून माना हलवल्या. ती नाव देईल तेव्हाच त्या देणार, हे मला तिथल्या तिथे कळलं.

म्हणून हे लिहायला बसले आहे. मंगळवारपासून मला दुसरं काही सुचत नाही. भाजी करपते, वर्तमानपत्र तसंच घडी घातलेलं पडून राहतं. शेजारीण विचारते, "काय झालं हो, बोलत का नाही?" मी गप्प बसणं ही आमच्या गल्लीत काळजी करण्यासारखी गोष्ट आहे.

मी आठवते आहे. खंडेनवमीचा दिवस. तुमच्या वर्कशॉपची रीत अशी की वर्षभरात ज्या मुलानं जे हत्यार बिघडवलं असेल, त्यानं त्याच हत्याराला झेंडू वाहायचा आणि पाया पडायचं. मोठमोठी मुलं लाजत रंध्यापुढे वाकत. तुम्ही मला बरोबर नेलं आहे, कॉन्व्हेंटचे पांढरे मोजे तसेच पायात. एका मुलानं काय केलं, एक फूल माझ्या हातात दिलं आणि कानशीपुढे ठेव म्हणाला. मी फूल ठेवते आणि कानस उचलते. टेबलावर लाकडाचा तुकडा आहे, त्याची कड मी घासते. तो आवाज, हाताला येणारा तो कंप मला आत्ताही आठवतो. तुम्ही येता, कानस काढून घेता, आणि नळाखाली माझे हात धरून भुशानं घासता. घासण्यासारखं हाताला काही लागलेलंच नव्हतं. "हे हात ह्यासाठी न्हाईत," तुम्ही म्हणालात. पुढे दहावी झाल्यावर मी बक्षीस म्हणून तुमचा जुना गुण्या मागितला, काटकोन तपासायचा तो पितळी पट्टीचा. तुम्ही शाईचं पेन आणलंत. पेन चांगलं होतं. मला गुण्या हवा होता.

हे सगळं त्या बाईला सांगितलं तर ती म्हणेल, व्हय, हे झालं, पर का? आणि तिचं बरोबर आहे.

मग मला तो कॉन्व्हेंटमधला शनिवार आठवला. तो मी आजवर कुणाला सांगितला नाही, कारण तो तुमचा होता. पालकांना भेटायला बोलावलं होतं. मी चौथीत असेन. तुम्ही इस्त्रीचा सदरा घातलाय, शुक्रवार पेठेतून चालत आल्यामुळे पाठीला घाम आहे. सिस्टर विचारतात, आपण काय करता? तुम्ही इंग्रजीत म्हणता, टीचर. कुठला विषय? तुम्ही क्षणभर थांबून म्हणता, "जॉमेट्री." आणि मी, सिस्टरांनीच शिकवलेल्या खरेपणानं, मोठ्यांदा सांगते की नाही सिस्टर, ते सुतारकाम शिकवतात, माझी पेन्सिलची पेटी त्यांनीच केलीय. मला वाटलं, तुम्ही विसरलात. इतकी चांगली गोष्ट सांगायची तुम्ही विसरलात.

सिस्टर फार खूश झाल्या. त्यांचे कितीतरी बाक डुगडुगत होते. तुम्ही रविवारी याल का? या, फक्त मागच्या फाटकानं या. तुम्ही गेलात. एका रविवारी काम उरलं म्हणून सोमवारीही आलात आणि आमच्याच वर्गात, माझ्याच रांगेत, बाकाखाली बसून पाचर ठोकत होतात. मुली पाय वर घेऊन बसल्या होत्या. शेजारच्या मुलीनं विचारलं, हा सुतार कोण? मी म्हटलं, माझे अण्णा. छान ठणठणीत आवाजात म्हटलं. तुम्ही वर पाहिलं नाहीत. बाक मात्र असा बसवलात की माझी शाळा संपेपर्यंत तो हलला नाही. त्या संध्याकाळी भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून तुम्ही मला म्हणालात, "शाळेत मला ओळख द्यायची न्हाई." माझ्या आयुष्यातला तुमचा सगळ्यात कडक शब्द तोच.

मला लाज वाटत नव्हती, अण्णा. हे मला तुम्हाला सांगायचं आहे आणि ऐकायला तुम्ही नाही, याचा संताप येतो. माझ्या वाट्याची लाज तुम्हीच आधी वाटून घेतलीत, मला न विचारता. पण आज मी त्या दिवसाकडे जास्त वेळ बघते आहे आणि मला दिसतं की ती लाज लाकडाची नव्हतीच. लाकडाशी तुम्ही राजासारखे वागायचात. ती मागच्या फाटकाची होती. तुमच्या स्वतःच्या शाळेतही शिक्षकांच्या खोलीत तुमची खुर्ची नव्हती, कुणी आठवून बघावं. उद्योगाचे मास्तर म्हणजे वर्कशॉपमधल्या स्टुलावर. मुख्याध्यापकांच्या टेबलाचा पाय निखळला की तुम्हाला बोलावणं, स्नेहसंमेलनाच्या पहिल्या रांगेत बसवायचं असलं की भूगोलाच्या मास्तरांना. तुम्हाला कुणी मास्तर मानलं असतं, तर सिस्टरांसमोर तुम्हाला भूमिती आठवली असती का? आणि मी त्या कानशीला हात लावला म्हणून तुम्ही भुसा घेतला असता का?

तर हे उत्तर मी शुक्रवारी त्या बाईला देणार आहे. पण ती पुढे काय विचारेल हेही मला आत्ताच ऐकू येतं. ती विचारेल, आता तरी खुर्ची हाय का? सरकारनं बोर्ड दिले, ड्रिल दिलं, पुस्तकं दिली. विषय चांगला आहे याची शिकवणाऱ्याकडे बघून खात्री पटावी, असं काही दिलं का? मुख्याध्यापकांशी मी भांडणार आहे, आणि वरच्या साहेबांशीही, त्या मुलीला बाकीच्या शिक्षकांसारखी नेमणूक आणि वेळेवर पगार द्या म्हणून, आणि ते गणिताचं वाक्य त्याच पालकांसमोर मागे घ्या म्हणून. मी भांडले की लोक कंटाळून ऐकतात, तेवढा गुण माझ्यात आहे.

मात्र एक गोष्ट मी आठवायची टाळत होते. मंगळवारी ती वैरागची मुलगी सभा संपेपर्यंत दाराशी, बोर्डाला टेकून उभी होती. मी श्रमाच्या प्रतिष्ठेवर बोलत होते तेव्हाही. पुढच्या रांगेत एक खुर्ची रिकामी होती, माझ्या शेजारची. तिच्यावर मी माझी पर्स ठेवली होती.

हे पत्र पोचायचं नाही, कपाटात तुमच्या पेनाशेजारी राहील. तरीही मुदत घालते. मला वाटलं ते मी लिहिलं, पण कारण तुमचं आहे, तेव्हा ते तुमच्याच अक्षरात हवं. मला कॉन्व्हेंटला का घातलंत, ते शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत लेखी कळवा. तोंडी चालणार नाही. तोंडी तुम्ही पुन्हा भूमितीच सांगाल.