नेम चुकलेल्या बंदुका

केटल रन, पेनसिल्व्हेनिया
३ ऑक्टोबर १९८६

ती. लोर्नाताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. अॅरिझोनात ऑक्टोबरातही पंखा लावून बसता हे वाचून मी आणखी एक स्वेटर चढवला. इकडचं कुशल म्हणावं तर घरात युद्ध पेटलंय, आणि पंधरावीस बंदुका माझ्या बाजूला असूनही मी हरतोय.

झालं असं की आमच्या बंदूक-संग्राहक मंडळाच्या जेवणाला तुझी भावजय आली होती. तिथं एका शहाण्यानं तिला ऐकवलं की खऱ्या संग्रहाला एक सूत्र लागतं. त्याच्याकडे म्हणे फक्त घोडदळाच्या बंदुका आहेत. घरी येताना गाडीतच आयडानं जाहीर केलं की आपल्याकडे आहे तो संग्रह नव्हे, पसारा आहे. हरणांच्या शिकारीचा मोसम उघडतो तो डिसेंबरातला पहिला सोमवार उजाडायच्या आत मी सूत्र ठरवायचं. त्यात बसेल ते राहील, बाकीचं ओहायोला चुलतभाऊ ड्वाइटकडे जाईल, आणि मोकळ्या खोलीत तिची शिवणाची मशीन येईल. मीही तावातावात शब्द देऊन बसलो. आता निस्तरतोय.

घोडदळ म्हणावं तर आपल्या घराण्यात घोड्यावर बसलेल्यांपेक्षा पडलेलेच जास्त. एकाच कारखान्याच्या ठेवाव्यात तर निम्म्या जातात. एकाच सालच्या म्हणावं तर दोनच उरतात, आणि त्यातल्या एकीचा दस्ता उंदरांनी खाल्लाय. शेवटी 'लाकडी दस्त्याच्या बंदुका' असं सुचवून पाहिलं. आयडानं विचारलं की मग 'भोकं असलेल्या बंदुका' का नको? तू थोरली आहेस, तूच काहीतरी सुचव.

मला हसून झालं की उत्तर लिही. लोभ आहे तसा असू दे.

तुझा,
क्लेटन


टूसॉन, अॅरिझोना
१५ ऑक्टोबर १९८६

चि. क्लेटनला अनेक आशीर्वाद, आणि आयडाला दोन जास्त. तिला गरज आहे.

हसून झालं. शेजारीण विचारायला आली की बरी आहेस ना.

अरे वेड्या, तुझ्या सगळ्या बंदुकांत एकच गोष्ट सारखी आहे आणि ती तुमच्या शिकारीच्या कॅम्पच्या भिंतीवर खिळ्यांनी ठोकलेली आहे. ज्याचा नेम हरणावर चुकतो, त्याच्या शर्टाचा मागचा सोगा कापायचा आणि नाव-साल घालून भिंतीला लावायचा, ही आपल्याकडची रीत. त्या भिंतीवर आपल्या वर्त्झ घराण्याचे इतके सोगे आहेत की आत वारा शिरत नाही, असं बाबाच म्हणायचे. एल्मरकाकांना तर काकूनं शेवटी सोग्याशिवायचेच शर्ट शिवून दिले होते.

तेव्हा 'नेम चुकलेल्या बंदुका' हे सूत्र धर. प्रत्येक बंदुकीखाली तिचा सोगा. एकसुद्धा घराबाहेर जायची नाही, बघ. मात्र अपवाद करू नकोस. अपवाद केलास की आयडा पुन्हा पसारा म्हणेल, आणि तिचंच खरं असेल.

गुडघे बरे आहेत. निवडुंगाचा मुरंबा पाठवलाय, भीत भीत खा. थोरल्या बहिणीची आठवण फक्त अडचणीत काढू नये, एवढं बोलून थांबते.

तुझी,
लोर्नाताई


केटल रन
१० नोव्हेंबर १९८६

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं डोकं म्हणजे डोकं. मंडळात सूत्र सांगितलं तर घोडदळवाल्याचं तोंड बघण्यासारखं झालं. कॅम्पवरून सगळे सोगे उतरवून आणले, धुतले, आयडानं इस्त्रीसुद्धा करून दिली. दोन-तीन बंदुकांनी कधी हरणावर नेम धरलाच नसेल असं वाटत होतं. पण मागल्या मोसमांत मी त्या एकेकदा वापरून ठेवून दिल्या होत्या, तर त्यांचेही सोगे निघाले की. मुद्दाम चुकावं लागत नाही गं, तेवढी माझी पुण्याई आहेच.

पण ताई, घात झाला. बाबांची रायफल सूत्रात बसत नाही. बाबांचा नेम जन्मात चुकला नाही. त्या भिंतीवर त्यांचा सोगा नाहीच. आणि ते गेल्यापासून तिला मी तेल लावतो, पुसतो, पण झाडत नाही. माझ्या नेमानं तिचं नाव घालवायची माझी छाती होत नाही.

म्हणजे घरातली सगळ्यांत चांगली बंदूक तेवढी जाणार, आणि उंदरांनी खाल्लेली राहणार. ड्वाइटला कुठून कळलं देव जाणे, शनिवारी न्यायला येतो म्हणून त्याचा फोन आला. शिकारीनंतरच्या शनिवारी ये म्हणून सांगितलंय. अपवाद करायचा नाही असं तूच लिहिलंस आणि मी शब्द दिलाय, तेव्हा तुला बोलत नाही. पण मला फार वाईट वाटतंय, ताई. बाबांचा हात जिथं लागायचा तिथं लाकूड गुळगुळीत झालंय.

मुरंबा खाल्ला. लोभ तरीही कायम आहे.

तुझा,
क्लेटन


केटल रन
४ डिसेंबर १९८६

ती. लोर्नावन्सं यांस,
सा. न. वि. वि.

क्लेटन लिहील तेव्हा लिहील, आधी माझ्याकडून ऐका.

थँक्सगिव्हिंगला टर्कीचं मांस कापताना हा माणूस दोनदा उठून रायफल पेटीतून काढून बघून आला. मी त्याला शब्दातून मोकळं केलं असतं हो, पण मग पुढची वीस वर्षं मला ऐकावं लागलं असतं. म्हणून ठरवलं की सोगा मीच मिळवायचा. लग्न होऊन आले तेव्हा मामंजींनी मला त्याच रायफलीनं डबे उडवायला शिकवलं होतं. परवाना काढला. सोमवारी पहाटे क्लेटनचा चौकड्यांचा लाल शर्ट घालून, रायफल घेऊन त्याच्या आधी निघाले.

कॅम्पखालच्या उतारावर बसले. थंडीनं दात वाजत होते. हरिण आलं, चांगलं शिंगांचं. मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. बाजूला टेकडीच्या पोटाशी एक वाळकं बीचचं झाड आहे ना, त्याच्या बुंध्याच्या मधोमध नेम धरला आणि चाप ओढला. आणि वन्सं, त्या मेल्याला नेमकी तेव्हाच उडी मारून झाडाच्या पुढ्यात यायचं सुचलं. जागच्या जागी आडवं झालं.

आठ टोकांची शिंगं. कॅम्पातले सगळे धावत आले, पाठ थोपटायला लागले, आणि मी मट्कन खाली बसून रडायला लागले. त्यांना वाटलं, आनंदानं. क्लेटननं आधी रायफल बघितली, मग मला, आणि त्याचा चेहरा इतका उतरला की मी सगळं भडाभडा सांगून टाकलं.

मग न्यायनिवाडा बसला. कॅम्पात ऑर्व्हिलकाका सगळ्यांत वडील, ऐंशी उलटलेत, शब्द त्यांचा शेवटचा. पुरुषमंडळी तावातावानं भांडली. अर्ध्यांचं म्हणणं, एवढं मोठं हरिण पाडल्यावर चूक कसली. काकांनी कॉफी संपवली आणि मला विचारलं की नेम कशावर धरला होता. मी म्हटलं, झाडावर. मग सगळ्यांना घेऊन ते झाडाशी गेले, चष्मा लावून बुंधा वरपासून खालपर्यंत हातानं चाचपला. ओरखडासुद्धा नव्हता. काका म्हणाले की एवढ्या जवळून एवढं जाड झाड जिला लागलं नाही, तिच्याइतका वाईट नेम या कॅम्पात आजवर कुणाचा झालेला नाही. आणि कात्री मागवली.

क्लेटननं स्वतः कापला सोगा. वाकडाच कापला, आणि तोही त्याच्या आवडत्या शर्टाचा. घरी येईपर्यंत गाडीत माझा हात धरून होता, आणि चढावर गिअर बदलायलासुद्धा सोडेना.

ड्वाइटला येऊ नकोस म्हणून कळवलंय. मामंजींची रायफल भिंतीवर मधोमध आहे, खाली माझं नाव. घरातून एकही बंदूक गेली नाही, वर शिंगं आली, तीही त्याच खोलीत. मशीन स्वयंपाकघरात ओट्याला लावून ठेवलीय, आणि तिच्यापुढे बसून मी त्याच्या शर्टाला नवा सोगा शिवतेय. मांसाचा वाटा डब्यांत भरून पाठवते आहे.

माया असू द्यावी, आणि पुन्हा काही सुचलंच तर आधी मला कळवावं.

तुमची,
आयडा