नऊ रकान्यांची वही

१ मे, सकाळी ७
लेकीची शाळा घरातच, तेव्हा सुट्टीही मीच दिली. अट एकच: वाचनवही ठेवायची. नऊ वर्षांची पोर, आठवड्याला चार पुस्तकं फस्त करते, पण लिहायचं म्हटलं की गायब. ३१ तारखेला शिक्षण खात्याच्या बाई तपासणीला येणार. त्यांचं समाधान झालं नाही तर पोरगी सरळ शाळेत जाईल, असं बायकोने बजावलंय. काळजी नाही. पंधरा वर्षं ऑफिसांचे फॉर्म आखतोय, एक वही आखायला कितीसा वेळ?

२ मे
वही तयार. सात रकाने: पुस्तक, लेखक, पात्रं, नवे शब्द, आवडलेलं वाक्य, तात्पर्य, पालकांचा शेरा. लेकीने पाहिली. मिटून ठेवली. भारावली असावी.

५ मे
प्रोत्साहन हवं. भरलेल्या पानाला एक स्टिकर जाहीर केला. स्टिकर न घेता नुसतं वाचलं तर चालेल का, असं तिने विचारलं. नाही म्हणालो. तत्त्वाचा प्रश्न आहे.

९ मे, दुपार
वही कोरी. बायको म्हणाली, रकाने कमी कर. मी दोन वाढवले. नेमकं काय लिहायचं ते कळलं नाही की मुलं बिचकतात.

१४ मे
नमुन्याचं पान मीच लिहिलं. त्यासाठी खारीची गोष्ट वाचावी लागली. तात्पर्य सापडेना. दीड तास डोकं खाजवून ‘घाई करू नये’ लिहिलं. लेक म्हणाली, खार घाई करतच नाही. पुन्हा वाचली. नाही करत.

१९ मे
पोरीने वाचणंच सोडलंय! पूर्वी जेवताना पुस्तक हिसकावून घ्यावं लागायचं. आता पुस्तक पुढे केलं की पोट दुखतं. उन्हामुळे असेल.

२४ मे
नमुन्याची सहा पानं झाली. सगळी माझीच. बायकोने शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, ‘प्रगती बरी, अक्षर सुधारावे.’ या घरात माझ्या बाजूने कोणी नाही.

२८ मे
हात टेकले. एक ओळ तरी लिही म्हणून तिच्यापुढे अक्षरशः गयावया केली. ती रडली. मग मीही रडलो. ती रोज सकाळी बसमध्ये चढणार आणि घरात मी आणि माझे फॉर्म. फार भीती वाटते. असो. उद्यापासून नवं वेळापत्रक.

३१ मे, दुपारी १
बाईंनी वही उघडली, मिटली. लेकीला विचारलं, सुट्टीत काय वाचलंस. तिने माझ्याकडे बघितलं आणि सांगितलं, काहीच नाही.
बाई गेल्यावर बायकोने गादी उचलली. खाली अकरा पुस्तकं, सगळी वाचून झालेली. कबूल केलं असतं तर बाबाने रकाने भरायला बसवलं असतं, म्हणे.

संध्याकाळी ६
शाळेत नाव घालायचं ठरलं. घाबरू नकोस, असं तिला बराच वेळ समजावत होतो. ती घाबरली नव्हतीच. तिने एवढंच विचारलं, ती शाळा रोज सुटते ना?
हो म्हणालो.